सराव परीक्षेची तेरीज



नातीची बारावीची बोर्डाची परीक्षा संपली. आता एप्रिलमधली सीईटी राहिली आहे. परवा मंदिराच्या पायऱ्या उतरताना एका ओळखीच्या सुनेने मला थांबवलं आणि विचारलं, "काकू, सराव परीक्षांचे मार्क बघून पुढचं कसं ठरवायचं हो? आमच्याकडे एकदा १४० येतात, एकदा १०५. कुठल्या आकड्यावर विसंबायचं?" उत्तर मला माहीत होतं, पण ते पायरीवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आज इथे लिहिते.

आमचं घर सांगलीत. मुलाचं भांड्यांचं दुकान आहे. सून घर आणि दुकानाचं बिलिंग दोन्ही बघते. नातीला घरात आम्ही चिमू म्हणतो. तिला इंजिनिअरिंगला जायचं आहे, म्हणून दोन वर्षं क्लास चालू आहे. संध्याकाळचा क्लास असला की सूर्यास्ताच्या आत खाता यावं म्हणून दशम्या आणि लसूण न घातलेली शेंगांची चटणी डब्यात द्यायची, हे माझं काम. अभ्यासातलं मला फारसं कळत नव्हतं. पण आकडे कळतात. मी १९८१ ची बी.कॉम. आहे आणि लग्नानंतर चाळीस वर्षं घरचा जमाखर्च माझ्याच वहीत आहे.

ज्यांच्या घरी अजून ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनिअरिंगची सीईटी २०० मार्कांची असते. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क. गणिताचे ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन मार्क. पहिल्या दोन विषयांना मिळून ९० मिनिटं, गणिताला ९० मिनिटं. सगळं कॉम्प्युटरवर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. साधारण ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. आपल्या हाती शेवटी मार्क नाही, पर्सेंटाइल येतं. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९० मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातली ९० मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे मला समजायला आठ दिवस लागले, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दिवाळीनंतर चिमूच्या सराव परीक्षा सुरू झाल्या. काही क्लासच्या कॉम्प्युटर रूममध्ये, काही घरी मोबाइलच्या ॲपवर. घरच्या पहिल्याच परीक्षेत तिने १५१ सांगितले. २०० पैकी १५१! मी त्याच दिवशी अर्धा किलो पेढे आणले. दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या स्वाध्यायाला गेले तेव्हा डबा बरोबर होता. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मी "अजून सरावच चालू आहे हो" असं म्हणत होते, पण पेढा मात्र प्रत्येकीच्या हातावर ठेवत होते.

पुढे १५६ आले, मग १६२. मुलाने मनात पुणं पक्कं केलं. पुण्यात खोली आधीच धरली तर स्वस्त पडते असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. एक एफडी मोडून ३० हजार रुपये आगाऊ द्यायचे, असं जेवताना ठरलं. "जवळपासच्या कॉलेजांचा विचार करायचाच नाही," असंही तो म्हणाला. आपल्या सांगलीचं वालचंद, कऱ्हाडचं सरकारी कॉलेज, यांची नावंसुद्धा निघेनात. चिमू खाली मान घालून जेवत होती. मला वाटलं, लाजते आहे.

एफडी मोडायची म्हटल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे कागद घेऊन बसले. खर्चाच्या बाजूला पुण्याचा खर्च मांडला. जमेच्या बाजूला काय, तर चिमूचे मार्क. म्हणून तिच्या सगळ्या परीक्षा तारखेप्रमाणे लिहून काढल्या. क्लासकडून पालकांच्या मोबाइलवर येणारे निकाल सुनेकडून घेतले. घरी दिलेल्या परीक्षा: १५१, १५६, १६२. क्लासमध्ये दिलेल्या: ११०, १०९.

वही आणि बँकेचं पासबुक जुळत नसेल तर आपण काय करतो? बँकेला दोष देण्याआधी आपली वही तपासतो. आठ-दहा मार्कांचा फरक असता तर मी सोडून दिलं असतं. पण एकाच मुलीचे त्याच महिन्यात घरी पन्नास मार्क जास्त कसे? मग आठवलं, घरी गणिताचा ९० मिनिटांचा पेपर तिने ४० मिनिटांत संपवला होता आणि मी तेही मंडळात सांगितलं होतं.

ती रात्र मला झोप लागली नाही. तिला सरळ विचारावं तर ती कोसळेल. मुलाला सांगावं तर घरात आरडाओरडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मूग निवडत बसले होते. ती पाणी प्यायला आत आली, तिला म्हटलं, बस जरा. आणि तिला माझीच एक गोष्ट सांगितली.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आमची सराव परीक्षा होती. तेरीज पत्रक करायचं होतं. नावे आणि जमा या दोन बाजूंत माझा ९० रुपयांचा फरक राहिला. वेळ संपत आलेली. मी विविध खर्च ४१० होता तो ५०० केला. तेरीज जुळली. सरांनी पेपर परत देताना मला थांबवलं. ते म्हणाले, तेरीज न जुळणं हा गुन्हा नाही, चूक कुठे आहे ते शोधायला ती आपल्याला भाग पाडते. जुळवलेली तेरीज शोधायचं दारच बंद करते. फरकाचे ९० रुपये उचंत खात्यात दाखवून पुढे गेली असतीस तर मी मार्क दिले असते. त्या प्रश्नाला मला शून्य मिळालं. घरी मी कुणाला सांगितलं नाही. चिमूला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तोंडातून काढलं.

ती बराच वेळ मूग चिवडत बसली. मग म्हणाली, "आज्जी, १५१ नव्हते. ११२ होते."

ॲपवर परीक्षा संपली की बरोबर उत्तरं दिसतात आणि तीच परीक्षा पुन्हा देता येते. तिने उत्तरं बघून पुन्हा दिली होती. "पप्पा त्या दिवशी दमून आले होते. मला वाटलं, एवढ्या वेळी चांगले सांगू, पुढच्या वेळी खरे आणू. पण तू पेढे वाटलेस. मग मला खाली येताच येईना."

मैत्रिणींनो, दशलक्षणात आपण दर वर्षी उत्तम मार्दव आणि उत्तम आर्जव ऐकतो. मार्दव म्हणजे मान गळणं, आर्जव म्हणजे मनात, बोलण्यात, वागण्यात एकच असणं. पोरीकडून माया झाली होती, आर्जव सुटलं होतं, हे खरं. पण तिच्या मायेच्या आधी माझा मान उभा होता. नातीच्या मार्कांवर मी माझी मान उंच केली होती. पेढ्याचा डबा घेऊन स्वाध्यायाला जाताना मला एकदाही वाटलं नाही की मी हे कुणासाठी करते आहे. रोज मी आलोचना पाठ म्हणते. कळत-नकळत झालेल्या किती दोषांची नावं त्यात येतात, पण हा दोष माझ्या कधी डोळ्यांसमोर आला नव्हता.

मुलाला मीच सांगितलं. सुरुवात पेढ्यांपासून केली आणि मग ११२ वर आले. तो काही बोलला नाही. ताटावरून उठला नाही, पण दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुकानातून आला आणि चिमूला म्हणाला, "मी पण गिऱ्हाइकांना सांगत होतो गं." तेवढंच. पण त्यानंतर पोरीचा चेहरा मोकळा झाला. एफडी मोडली नाही.

मग आम्ही दोघींनी नवी वही घातली. पहिल्या पानावर क्लासमधले खरे १०९ लिहिले: भौतिक २९, रसायन ३०, गणितात २५ प्रश्न बरोबर म्हणजे ५०. नुसता एकूण आकडा लिहून थांबलो नाही. प्रत्येक गेलेला प्रश्न चारपैकी एका कॉलमात टाकायचा असं ठरवलं. पहिला कॉलम, येतच नव्हतं. दुसरा, येत होतं पण चुकलं. तिसरा, वेळ पुरला नाही. चौथा कॉलम मी हट्टाने घातला: अंदाजाने बरोबर आलं. चिमू म्हणाली, "ते तर मिळालेले मार्क आहेत!" मी म्हटलं, ते उसने आहेत. आज आले, उद्या येतीलच असं नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारांतून एकदा बरोबर येणारच. तो आपला नफा धरायचा नाही.

गणिताचे २५ प्रश्न गेले होते. त्यांतले ८ येत नव्हते, ७ येत असून चुकले आणि १० तिने वाचलेसुद्धा नव्हते. बरोबर आलेल्या २५ मध्ये ४ अंदाजाचे. आता हे वाचून बघा, नुसत्या १०९ मध्ये यातलं काय दिसत होतं? त्या न वाचलेल्या १० प्रश्नांना तिला घरी शांतपणे बसवलं तर ६ बरोबर आले. म्हणजे १२ मार्क तिच्याकडे होतेच, पण पेपरात काढता आले नव्हते. त्यासाठी नवीन अभ्यास नको होता. गणितात एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. ती एकेका प्रश्नाशी पाच पाच मिनिटं झुंजत होती. मग नियम केला, दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचं. सीईटीत मार्क कापत नसल्यामुळे शेवटी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हा दुसरा नियम. पण हे सीईटीपुरतंच लक्षात ठेवा. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात आणि चुकीच्याला एक कापला जातो, तिथे आंधळा अंदाज महागात पडू शकतो.

रसायनशास्त्रात वेगळंच निघालं. गेलेल्या २० प्रश्नांपैकी ७ अकरावीचे होते. पेपरात अकरावीचे प्रश्न असतातच साधारण दहा, म्हणजे अकरावी जवळजवळ पुसली गेली होती. ती मात्र रात्र रात्र बारावीचेच धडे घोटत होती, कारण रोज क्लासमध्ये तेच चालू होतं. मग सकाळी देवदर्शन करून आल्यावर पाऊण तास फक्त अकरावीचं पुस्तक, असं ठरलं. जानेवारीपासून बोर्ड होईपर्यंत दर आठवड्याला एकच सराव परीक्षा ठेवली. प्रवेशासाठी बारावीत भौतिक, रसायन, गणितात मिळून किमान ४५ टक्के लागतात, राखीव गटांना ४०. सीईटीच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

आता माझ्या त्या मैत्रिणीच्या मूळ प्रश्नाकडे येते. कुठला आकडा धरायचा? हिशेबशास्त्रात आम्हाला सावधगिरीचं तत्त्व शिकवलं होतं. नफा हातात पडेपर्यंत धरायचा नाही आणि होऊ शकणाऱ्या तोट्याची तरतूद मात्र आधीच करायची. म्हणून सर्वांत चांगला आकडा धरू नका. एका वाईट दिवसावरून मुलाला मोडीतही काढू नका. वेळ लावून, कुणाच्या तरी समोर बसून दिलेल्या शेवटच्या पाच परीक्षा घ्या आणि सरासरी काढा. चिमूच्या पाच होत्या १०९, ११६, ११२, १२१, ११७. सरासरी ११५. योजना ११५ वर करायची, तरतूद १०९ ची करायची आणि १२१ ची आशा ठेवायची.

सराव परीक्षेच्या मार्कांवरून पर्सेंटाइल नेमकं सांगता येत नाही, पेपर आणि बॅच दर वेळी वेगळी असते. क्लासकडून अंदाज घ्या, पण तो एका आकड्यात न घेता इथपासून इथपर्यंत असा घ्या. मग मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रवेश फेऱ्यांचे कट-ऑफ बघा. ते सीईटी सेलच्या वेबसाइटवर असतात. त्यावरून आम्ही तीन याद्या केल्या: मिळालं तर भाग्य, मिळण्यासारखं आणि बहुतेक नक्की. पहिल्या यादीत पुण्याचं सीओईपी आहे, कारण चिमूला ते मनापासून आवडतं. फॉर्म भरताना अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं हुकत नाही, संगणक वरून खाली बघत येतो. फक्त क्रम आपल्या खऱ्या आवडीचा हवा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. तिसरी यादी रिकामी ठेवू नका. आमचा मुलगा नेमकं तेच करणार होता.

आणि एक काम आयांनी आणि आज्यांनी आत्ताच करावं. मुलं अभ्यासात आहेत, कागद आपण गोळा करू शकतो. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचे आणि आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात काय लिहिली आहे ते वाचून बघा. आपल्यात किती तरी घरांत एका भावाच्या दाखल्यावर एक आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर वेगळंच लिहिलेलं असतं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या काही जागा प्रत्येक कॉलेजमध्ये असतात, त्याचीही चौकशी करून ठेवा. निकाल लागल्यावर तहसील कार्यालयात जी गर्दी होते ती मी बघितली आहे.

आपल्याकडे प्रतिक्रमण झालेल्या दोषांसाठी आणि प्रत्याख्यान पुढच्यासाठी, असं सांगतात. मागचं नीट बघितलं तरच पुढचा नियम घेता येतो. चिमूच्या वहीने मला हे नव्याने समजावलं. पण त्याला एक अट आहे. घरात खरा आकडा बोलता आला पाहिजे. ज्या घरात १५१ ला पेढे वाटले जातात त्या घरात ११२ सांगायला पोराच्या तोंडात शब्द येत नाहीत आणि मग आपण सगळेच खोट्या तेरजेवर ताळेबंद मांडत बसतो. मी माझ्यापुरता नियम घेतला आहे, नातीचे मार्क आता माझ्या तोंडून घराबाहेर जाणार नाहीत. मंडळात कुणी विचारलं की सांगते, "अभ्यास चालू आहे." सुरुवातीला फार जड गेलं, खरं सांगते.

मागच्या रविवारी क्लासमध्ये परीक्षा होती. चिमू साडेपाचला आली, हातपाय धुतले आणि सगळ्यांबरोबर पानावर बसली. दिवस मावळायच्या आत आमचं जेवण उरकायचं असतं. मी भाकरी वाढत होते. कुणी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "आज ११३. मागच्यापेक्षा कमी आले."

मुलाने आमटीत भाकरी कुस्करली आणि विचारलं, "कुठल्या कॉलमात गेले?"

"दुसऱ्या," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर दाखवते."

सर्वांना जय जिनेंद्र.